पत्राचा साचा

घरांतील एकानें सर्वांचीं पत्रें लिहावीं, ही चाल ईमेल आलें तरी मोडलेली नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील केशोरीचें एखादें घर घ्या. शेती गांवीं, भावंडें नागपूर, पुणें व परदेशांत. धानाचा हंगाम संपला कीं गांवीं राहणाऱ्या भावानें सर्वांस हिशेबाचें पत्र धाडावयाचें. मजकूर बहुतेक तोच, बदलतात ते आंकडे. असें पत्र दरवर्षीं नव्यानें लिहीत बसण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं.

संगणकावरील थंडरबर्ड ह्या विनामूल्य प्रोग्राममध्यें ह्याची सोय आहे. नवें पत्र उघडून कायमचा मजकूर लिहावा व तें न पाठवितां 'फाइल'मधील 'सेव्ह अ‍ॅज' खालीं 'टेम्प्लेट' निवडावें. पत्र त्या नांवाच्या कप्प्यांत जाऊन बसतें. पुढें त्यावर दोनदां टिचकी मारली कीं नवी प्रत उघडते. मूळ साचा जागच्या जागीं राहतो. पुष्कळ लोक गतसालचें पत्रच उघडून त्यांत खाडाखोड करितात. ती रीत आम्हांस पसंत नाहीं. जुना आंकडा हटकून एखाद्या ओळींत दडून राहतो.

साचा आपणांस परका नाहीं. तेराव्या शतकांतील यादवांचा श्रीकरणाधिप हेमाडपंत ह्याच्या नांवावर चालत आलेल्या मेस्तकांत कोणास कोणता मायना लिहावा हेंच सांगितलें आहे. तीर्थरूप, चिरंजीव, राजमान्य राजश्री हे सारे तयार सांचेच होत. पण मायना लिहितांना समोरचें माणूस डोळ्यांपुढें आणावें लागे, आणि बोरू तेथें क्षणभर थांबे. यंत्र थांबत नाहीं. साच्यांत वहिनींच्या नांवामागें 'सौ.' कायमचें बसलें, आणि वर्षभरांत त्या घरावर घाला पडला, तर धानाच्या हिशेबाचें साधें पत्र जिव्हारीं लागतें. म्हणून नांव, उपपद, साल व आंकडा साच्यांत भरूं नयेत. तेथें ठळक फुल्या ठेवाव्या. ('गं. भा.' कीं 'श्रीमती' हें ज्या त्या बाईंसच विचारावें. आतां पुष्कळींस पहिलें नको असतें.) पाठवावयाचा पत्ताही कोरा ठेवावा, म्हणजे अर्धवट पत्र सुटणारच नाहीं.

खालचा स्वतःचा पत्ताही अधूनमधून तपासावा. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला, आणि केशोरीकरांचा जिल्हा एका दिवसांत बदलला. साचाच दुरुस्त करावयाचा तर त्यावर उजवी टिचकी देऊन 'एडिट टेम्प्लेट' निवडावें.

सांत्वनाचें पत्र मात्र साच्यांत ठेवूं नये; चार वेड्यावांकड्या ओळी चालतील. आहेराच्या आभाराचें पत्र ह्या दोहोंच्या मध्यें पडतें. त्याचा आरंभ व शेवट साच्यांतून घ्यावा, पण कोण किती लांबून आलें, मुलीस काय दिलें, ही एक ओळ प्रत्येकास निराळी लिहावी.