वाटेवरची नवले

नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, जाणाऱ्या कुटुंबाची वाट बहुधा ठरलेली असते : शिर्डी, शिंगणापूर आणि परत. देवदर्शनाने प्रवास सफळ होतो हे आम्हांसही मान्य आहे. परंतु वाट थोडी वाकडी केल्यास काय लाभते, ते यंदा घरच्या लहानथोर नऊ माणसांसह आम्ही अनुभविले.

प्रथम शिरूरहून आत वळून पारनेर तालुक्यातील निघोज गाठले. येथे कुकडीच्या पात्रातील काळ्या कातळात निसर्गाने जणू रांजणांची उतरंडच कोरून ठेविली आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून खडक घासतात आणि हजारो वर्षांनी असे रांजणखळगे बनतात. चिकाटीचा हा धडा आम्ही मुलांस देत होतो, तोच आमचा सात वर्षांचा पुतण्या गुळगुळीत काठावरून घसरला! वहिनींनी दंड धरला म्हणून निभावले. उपदेश करणाऱ्याचे लक्ष उपदेशाकडे असते, मुलाकडे नसते, हा धडा मग आम्हीच घेतला.

पुढे नगरच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर, डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी तीन मजली इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. निजामशाहीतील मुत्सद्दी दुसरा सलाबतखान याची ती कबर होय. तथापि 1595-96 च्या मोगली वेढ्यात किल्ला लढविणाऱ्या चांदबिबीचेच नाव लोकांच्या मुखी राहिले. मुलांना भिंतीवर आपली नावे लिहिण्याचा मोह झाला, तेव्हा मातुश्री एवढेच म्हणाल्या, "अरे, तिने कुठे लिहिले होते?" खडू निमूटपणे खिशात गेला.

शिंगणापुरी घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे. 2011 साली एका बँकेनेही तेथे कुलपावाचून शाखा उघडली. तेथून नेवासे जवळच. तेथील मंदिरात मूर्तीच्या जागी एक दगडी खांब पुजला जातो. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी या 'पैसा'च्या खांबास टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. मातुश्रींनी त्यावर हात ठेविला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. परत फिरण्याची घाई होती; तरी त्यांना 'चला' म्हणण्याचा धीर कोणास झाला नाही.

वाचकांस दोनच सूचना. निघोजला पावसाळ्यात उतरू नये, आणि एरव्हीही दर मुलामागे एक जाणते माणूस असावे. दुसरी, वडील मंडळी हिंडती-फिरती आहेत तोवर त्यांना घेऊन निघावे. खांब तेथेच राहील. त्यावर ठेवावयाचा हात सदैव असेलच असे नाही.