जलाशयालाही वाफसा असतो

वाफसा आल्याशिवाय कोणताही जाणता शेतकरी तिफण धरत नाही. जलाशयात मत्स्यबीज सोडताना मात्र आपण पाण्याची तयारी पाहत नाही. कार्यक्रमाची तारीख आणि सोडलेल्या बीजाची संख्या पाहतो. देशातील सुमारे ३१.५ लाख हेक्टर जलाशय-क्षेत्राच्या मत्स्योत्पादनाचा विचार करताना ही उणीव गांभीर्याने घ्यावयास हवी.

पाण्याचा वाफसा ओळखावा तो प्राणिप्लवंगांवरून. रोटिफर, क्लॅडोसेरा म्हणजे पाणपिसवा आणि कोपेपॉड हे त्यांचे प्रमुख गट होत. नारूच्या रोगामुळे एकेकाळी खेडोपाडी कुप्रसिद्ध झालेला सायक्लॉप्स हा कोपेपॉडच. संवर्धन तळ्यात पेंड व कोंडा देता येतो. विस्तीर्ण जलाशयात ते शक्य नसते. तेथे पृष्ठभागाजवळ चरणाऱ्या कटल्याचे पोषण मुख्यतः या सूक्ष्म जीवांवरच होते.

हे अन्न वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात पुराचे गढूळ पाणी येते, प्रकाश खोलवर पोहोचत नाही, वनस्पतिप्लवंग घटतात आणि सांडव्यावरून पाण्याबरोबर प्राणिप्लवंगही वाहून जातात. पाणी निवळले, स्थिरावले की पुराने आणलेली पोषकद्रव्ये उपयोगी पडू लागतात आणि हिवाळ्यात पाणपिसवा व कोपेपॉड वाढतात. कोपेपॉडांना पूर्ण वाढीस अधिक दिवस लागत असल्याने त्यांना स्थिर पाणी मानवते. उन्हाळ्यात पाणी आटते, पोषकद्रव्यांची संहती वाढते आणि काही दिवसांतच पिढी पूर्ण करणारे रोटिफर बळावतात. त्यांपैकी ब्रॅकिओनससारख्या प्रजातींचे सातत्याने प्राबल्य असेल, तर पाण्यात सांडपाणी वा खतांचा अंश वाढल्याची ती सूचना समजावी.

हे चक्रही सर्वत्र एकाच पंचांगाने चालत नाही. तमिळनाडूच्या मोठ्या भागात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. हिमाचलातील गोविंदसागरात सतलजचे बर्फवितळीचे पाणी पावसाळ्याआधीच येऊ लागते. त्यामुळे मत्स्यबीज सोडण्याचे एकच वेळापत्रक देशभर लागू करणे शास्त्राला धरून नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. भारतीय प्रमुख कार्प माशांचे प्रजनन पावसाळ्यातच होते. बीज तेव्हाच मिळते आणि ते साठवून ठेवता येत नाही. हे खरे, परंतु म्हणून ते लहान असतानाच सांडव्याच्या तोंडी आणि अन्नाच्या तुटवड्यात लोटावे, असे नाही. बीज संगोपन तळ्यात, पिंजऱ्यात किंवा जलाशयाच्या काठी कुंपण-जाळ्यात १०० मिलिमीटरपेक्षा मोठे होईपर्यंत वाढवावे आणि सांडवा थांबून पाणी निवळल्यावर सोडावे. संगोपनास खर्च येतो, काही मरही होते. पण सोडलेली संख्या नव्हे, तर जगलेली आणि जाळ्यात आलेली संख्या हाच हिशेबाचा खरा आधार असायला हवा. बीज वाहून गेले तर मच्छीमार सहकारी संस्थेचा पैसा जातोच, शिवाय सभासदांचा पुढचा हंगामही रिता जातो.

विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, प्रत्येक जलाशयासाठी एक प्लवंग नोंदवही सुरू करावी. दर पंधरवड्याला, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी ५० लिटर पाणी प्लवंग जाळीतून गाळावे, अंशांकित नळीत स्थिरावू द्यावे आणि तळाशी बसलेल्या प्लवंगाचे आकारमान लिहावे. सोबत पाण्याची पातळी, तापमान व पारदर्शकता नोंदवावी. गढूळ पाण्यात गाळही तळाशी बसतो, म्हणून नमुना भिंगाखाली पाहणे आवश्यक आहे. गटांची ओळख पटविण्यास जवळच्या मात्स्यिकी महाविद्यालयाचे साहाय्य घेता येईल.

एका वर्षाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. दोन-तीन वर्षांत त्या जलाशयाचे स्वतःचे पंचांग हाती येईल. मत्स्यबीज सोडण्याचा मुहूर्त त्यावरूनच ठरावा.