खाली कोण उतरणार?

गावाकडच्या डांबरी रस्त्याची रुंदी पावणेचार मीटर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हापासून खेड्यांना जोडणारे रस्ते साधारण याच मापाने होत आलेत. वर्दळ अगदीच कमी असेल तिथे तीन मीटरवरही भागवतात. आता एसटीची रुंदी नियमाने जास्तीत जास्त २.६ मीटर. मोटारसायकलचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. दोघं शेजारून गेले तर मध्ये उरतं चाळीस सेंटिमीटर, आणि त्यातही एसटीचा आरसा बाहेर आलेला. दोन मध्यम चारचाकी समोरासमोर आल्या तर वीतभर जागाही धड राहत नाही. म्हणजे गाठ पडली की कुणीतरी डांबरावरून खाली उतरायचंच, हे रस्ता आखणाऱ्यानेच धरून ठेवलंय. कुणी उतरायचं, ते मात्र तो सांगत नाही. ते आम्ही रोज रस्त्यावर ठरवतो, आणि दरवेळी एकच ठरतं.

लहानाने उतरायचं.

आमच्या कृष्णाकाठी हे कुणाला शिकवावं लागत नाही. उसाची ट्रॉली कुणासाठीच हलत नाही. वडाप जीप एसटीला साइड देते, पण मोटारसायकलला देत नाही. मोटारसायकलवाला चारचाकीवाल्याला शिव्या घालत खाली उतरतो आणि पुढच्या वळणावर सायकलवाल्याला हॉर्न मारून काट्यात घालतो. सायकलवाला म्हणजे बहुतेक वेळा शाळेची मुलगी नाहीतर वैरणीचा भारा बांधलेला म्हातारा. त्यांच्या खाली आता कुणीच नाही, म्हणून ते गप्प उतरतात. यात कुणाला अन्याय वाटत नाही. फार तर तो म्हातारा म्हणतो, "लई घाईत हाय पावणं."

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जो पडणार नाही त्याने आधी उतरावं.

यात चांगुलपणाचा काही भाग नाही, चाकांचा आहे. चारचाकीची डावीकडची दोन चाकं मुरमात गेली तर आतल्या माणसाला एक दणका बसतो, बास. दुचाकीचं तसं नाही. तिला डांबरावरून खाली जाणं एक वेळ जमतं, परत वर येताना खरी गंमत होते. नव्याने डांबर पडलं की रस्त्याची उंची वाढते, साइडपट्टीत मात्र मुरूम कुणी भरत नाही. कडेला चार-सहा बोटांची पायरी तयार होते. गावात काँक्रीट झालंय तिथे ती आणखी उंच आणि धारदार. मोटारसायकलचं पुढचं चाक या कडेला तिरकं लागलं तर ते चढत नाही, कडेला घासत राहतं. हँडल उजवीकडे दाबावं तर गाडी उजव्या अंगाला, म्हणजे नेमकी मागून येणाऱ्या चाकांपुढे आडवी होते. आमच्याकडे "गाडी आपोआप घसरली" म्हणून सांगितलेल्या बऱ्याच पडझडींचं कारण ही कड असते. पावसाळ्यात काळ्या मातीची साइडपट्टी असेल तर कड लागायचीही गरज नाही. तिथे चाक उतरलं की पाय टेकण्याआधीच माणूस चिखलात.

त्यात मागे बाई एका अंगाला बसलेली. तिचे दोन्ही पाय डावीकडे, आणि गाडी उतरवायची ती डावीकडेच. वेड्या बाभळीच्या फांद्या पहिल्यांदा तिच्या गुडघ्याला लागतात. चारचाकीच्या काचेतून हे दिसत नाही, असं मी म्हणणार नाही. दिसतं.

या माझ्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे: भरलेली ट्रॉली. भरलेली ट्रॉली साइडपट्टीत घातली की मऊ जागी एका अंगाचं चाक रुततं, वरचा ऊस कलतो आणि ट्रॉली पलटी होते, कधी ज्याच्यासाठी उतरली त्याच्याच अंगावर. तेव्हा ट्रॉलीवाल्याकडे उतरायचा हट्ट धरू नये. समोर ती दिसली की बाकीच्यांनी कठीण जागा बघून आधीच थांबावं. बैलगाडीचंही तेच. बैलाला हॉर्न कळत नाही, तो बुजतो. त्याच्या मागे हॉर्न दाबून धरणाऱ्याला मी रस्त्यावरचा सगळ्यात अडाणी माणूस समजतो, मग त्याची गाडी कितीही लाखांची असो.

पण ट्रॉलीला दिलेली ही सवलत दिवसाची. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि पुढे चार-पाच महिने हे रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, कुठे अंगद गाड्या, कुठे टायरच्या बैलगाड्या. पैसे टनावर मिळतात, त्यामुळे ट्रॉली कुठवर भरायची याला आकाशाचीच मर्यादा. मागचे दिवे एक तर नसतात, असले तर जळत नाहीत, आणि हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर फोटोसाठी चिकटवलेले रिफ्लेक्टर मागे लोंबणाऱ्या उसाखाली झाकून जातात. ट्रॅक्टरवर गाणं इतकं मोठं लावलेलं की मागच्याने हॉर्न दिला काय आणि न दिला काय. अंधारात मोटारसायकलवाल्याला ही ट्रॉली दिसते ती जवळ गेल्यावर, आणि जवळ म्हणजे किती, ते त्याच्या वेगावर असतं.

त्याहून वाईट असते बंद पडलेली ट्रॉली. टायर फुटला किंवा पाटा तुटला की ती रस्त्यातच राहते, चाकांना दगड लावतात आणि मागे एखादी फांदी टाकतात. फांदी ही आमची लाल बत्ती. ट्रॉली दुसऱ्या दिवशी जाते, फांदी शेळ्या खातात, दगड मात्र तिथेच! डोक्याएवढे ते दगड पुढे आठवडाभर भर रस्त्यात पडून असतात आणि रात्री एखाद्या दूधवाल्याच्या पुढच्या चाकाखाली येतात. ट्रॉली उभी करणं नाइलाज असेल, दगड सोडून जाणं नाइलाज नाही. ऊसतोड करणाऱ्या, बीड-जालन्याकडून पोटासाठी आलेल्या माणसांवर हे सगळं ढकलायची आमच्याकडे रीत आहे. ट्रॅक्टर बहुधा आमच्याच गावातल्या कुणाचा तरी असतो.

रात्रीचा आणखी एक घोळ एका दिव्याचा. समोरून एकच दिवा येतो. आपण म्हणतो मोटारसायकल, आणि तेवढीच जागा सोडतो. जवळ आल्यावर कळतं की तो एक बल्ब गेलेला ट्रॅक्टर आहे, आणि जळणारा बल्ब त्याच्या डाव्या अंगाचा आहे. उरलेला ट्रॅक्टर आपल्या बाजूला अंधारात आहे. म्हणून रात्री एक दिवा दिसला की मोठी गाडी समजूनच वेग कमी करावा. आणि समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून आपणही अप्पर मारून त्याला आंधळं करायचं, हा सूड फार महागात पडतो. तो आंधळा झालेला माणूस आपल्याच दिशेने येत असतो.

आता सायकली. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन सायकली देतं. या सायकलींनी कित्येक मुलींची शाळा टिकवली. ज्या रस्त्याने त्या जाणार त्याची साइडपट्टी मात्र योजनेत नव्हती. मुली दोघी-तिघी शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात, आणि याच्याबद्दल गाडीवाल्यांची कायम तक्रार. समोरून गाडी दिसली की त्यांनी एकामागे एक व्हावं, हे मलाही मान्य. पण कडेला काटे, खडी आणि ती पायरी असताना सायकल डांबराच्या अगदी टोकावरून चालवा म्हणणारा माणूस सायकलवर बसून किती वर्षं झाली, ते मला विचारावंसं वाटतं.

हॉर्नचंही एक शास्त्र आहे. सायकलवाल्याच्या अगदी पाठीशी येऊन हॉर्न दिला की तो दचकून उजव्या खांद्यावरून मागे बघतो. मान वळली की हात वळतो, हँडल उजवीकडे जातं आणि सायकल आपल्याच गाडीपुढे येते. मग आपण म्हणतो, मध्येच घुसली. हॉर्न लांबून द्यावा, एकदाच, छोटा. नंतर तो सावरेपर्यंत मागे राहावं. समोरून कुणी येत असेल तर सायकलच्या शेजारून घुसूच नये. तिघांना एका वेळी पुरेल एवढा हा रस्ता नाही, हिशेब वर दिलाच आहे. घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम तर कायद्यातही आहे. शनिवार-रविवारी मोबाइलच्या नकाशातला शॉर्टकट पकडून आमच्या रस्त्यावर येणाऱ्या पाहुण्यांना एवढंच सांगणं आहे की द्रुतगती मार्गावरची सवय टोलनाक्यावरच सोडून या. आणि नववी-दहावीच्या पोराच्या हातात मोटारसायकल देणाऱ्या बापाने लक्षात ठेवावं: मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त ग्रामीण भागात, आणि एकूण मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के. ग्रामीण भागात महामार्गही धरलेले आहेत, हे खरं. तरी अपघात शहरात होतात आणि गावाकडे निवांत असतं, ही समजूत आता सोडायला हवी.

पण उतरायचं म्हटलं तरी उतरायला जागा हवी, आणि इथे दोष गाडीवाल्यांचा नाही, आम्हा शेतकऱ्यांचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या पुस्तिकेत पावणेचार मीटर डांबराच्या रस्त्याची सपाट भागातली एकूण रुंदी साडेसात मीटर धरली आहे. म्हणजे दोन्ही अंगांना जवळजवळ एकोणीसशे मिलिमीटरची साइडपट्टी. सरळ सांगायचं तर अर्धा रस्ता साइडपट्टीचा आहे. आज गावाबाहेर पडून बघा, तो अर्धा रस्ता कुठे आहे? नांगर डांबराला घासून फिरतो. वळणावर ऊस इतका कडेला की समोरचं काही दिसत नाही. पाइपलाइनसाठी चर खणलेला, वर नुसती माती लोटलेली. केजव्हीलचा ट्रॅक्टर डांबरावरून तसाच नेलेला, रोटाव्हेटरचा चिखल रस्त्यावर सांडलेला. सोयाबीन वाळत घातलं की त्याच्याभोवती पुन्हा दगड. भावाने वीतभर बांध कोरला तर आम्ही तीन पिढ्या कोर्टात जातो. रस्त्याचा सहा-सहा फूट कोरला तरी कुणी शेजाऱ्याला बोलत नाही, कारण समोरच्या अंगाला आपणही तेच केलेलं असतं.

ही पट्टी मोकळी झाली, तिच्यात मुरूम भरून रोलर फिरला आणि वळणावरची चार-पाच सऱ्या लागण मागे घेतली, तर खाली कोण उतरणार या भांडणाची धारच निम्मी जाईल. याला नवीन निधीची वाट बघायची गरज नाही. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते, आणि त्यात साइडपट्टीही येते. रस्त्याच्या तोंडाशी पाटी असते. तिच्यावर लांबी, खर्च, ठेकेदार आणि देखभालीचा काळ लिहिलेला असतो. लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली ती झाकली गेली असेल, तर फ्लेक्स बाजूला सारून वाचा. मुदत शिल्लक असेल तर कामाची मागणी करा. संपली असेल तर रस्ता जिल्हा परिषदेकडे आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, ते विचारून घ्या.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते, तेव्हा गाळपाचा हंगाम भरात असतो. त्याआधीच सरपंचांकडे लेखी अर्ज द्या आणि तीन विषय पत्रिकेवर घ्यायला लावा: साइडपट्टी मोजून मोकळी करणे, वळणावरचा ऊस मागे घेणे, आणि ट्रॉली गेल्यावर दगड उचलले नाहीत तर ट्रॅक्टरमालकाला दंड. अर्जावर गावातल्या सायकलवर शाळेला जाणाऱ्या मुलींच्या आईवडिलांच्या सह्या आधी घ्या.