लेकीचा प्रोजेक्ट, घराला घोर

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. बोरिवलीच्या आमच्या छोट्याशा घरात जेवणाच्या टेबलावर वायरींचा गुंता, माझ्याच तुळशीच्या कुंडीतली वाटीभर माती आणि समोर डोक्याला हात लावून बसलेली माझी भाची.

"मावशी, सबमिशन बारा दिवसांवर आलं आणि हे मेलं परत परत बंद पडतंय गं."

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. संगमनेरजवळच्या गावातून मुंबईत इंजिनिअरिंगला आली आणि शेवटच्या वर्षाला माझ्याकडे राहिली. तिचा प्रोजेक्ट म्हणजे मातीतला ओलावा मोजून शेतातला पंप आपोआप सुरू करायचा आणि तसा मेसेज मोबाईलवर पाठवायचा. विषय तिचाच होता. शेतीची वीज रात्रपाळीची असली की ताई बॅटरी घेऊन विहिरीवर जाते. हे लेकीनं लहानपणापासून पाहिलेलं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या मुली मुंबई-पुण्याला इंजिनिअरिंग करत असतील. 'प्रोजेक्ट चालू आहे' एवढंच फोनवर ऐकायला मिळतं. तो प्रकार नेमका काय असतो, हे मलाही या वर्षी कळलं. शेवटच्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरमध्ये तीन-चार मुलांचा ग्रुप मिळून काहीतरी बनवतो. मार्गदर्शन करणारे प्राध्यापक म्हणजे 'गाईड'. शेवटी जाडजूड रिपोर्ट काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून द्यायचा. मुंबईच्या मुलांच्या भाषेत हे 'ब्लॅक बुक'. मग बाहेरून परीक्षक येतात. त्यांच्यासमोर तोंडी परीक्षा, म्हणजे 'व्हायवा'. नोकरीच्या मुलाखतीतही पहिला प्रश्न बहुतेक वेळा यावरच येतो.

कागदावर वर्षभराचा वेळ असतो. पण सातव्या सेमिस्टरला कॅम्पस मुलाखती सुरू होतात. त्यांच्या तयारीत, कुणाच्या केटीत महिने जातात. गाईडकडे इतरही ग्रुप असतात. खरं काम सुरू होतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग सुट्ट्या भागांसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या खेपा. भाचीच्या चार खेपा झाल्या. एकदा चुकीचा सेन्सर आला, एकदा चालू असलेला जळला.

आणि अशा वेळी आयतं विकणारे हजर असतात. 'तयार प्रोजेक्ट, रिपोर्टसह.' ग्रुपमधला एक मुलगा म्हणाला, "पंधरा हजारांत मिळतोय, प्रत्येकी पावणेचार. विषय सोपा, मार्क पक्के." दुसरा म्हणाला, "रिपोर्ट तर काय, एआय लिहून देईल." २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून हा दुसरा रस्ता फुकट आणि घरबसल्या झाला आहे.

मुलांना नुसती नावं ठेवून भागणार नाही. नियमांचंच बघा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध कडक नियमावली आणली. पण ती पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधांसाठी आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट तिच्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. म्हणजे इथे सगळी भिस्त कॉलेजवर आणि गाईडच्या सचोटीवर. गाईडनं दर पंधरवड्याला 'काय केलंस, दाखव' म्हटलं, तर विकतचा माल चालत नाही. ते विचारणारं कुणी नसेल, तर प्रामाणिक मूलच मूर्ख ठरतं.

पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. मी भाचीला विचारलं, "तुमच्यात कामं कशी वाटलीत?" ती सहज म्हणाली, "मुलं सर्किट बघतात, आम्ही दोघी ब्लॅक बुक आणि प्रेझेंटेशन. आमचं अक्षर, भाषा चांगली ना!"

ऐकल्यासारखं वाटतं ना? सार्वजनिक उत्सवात पुरुष मंडप घालणार आणि बायका प्रसादाचं बघणार. विषय तिचा, विहीर तिच्या आईची, आणि सोल्डरिंगची बंदूक दुसऱ्याच्या हातात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. लॅब संध्याकाळनंतर मोकळी मिळायची. मुलं दहापर्यंत थांबायची. दुसऱ्या मुलीच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद व्हायचं, आणि हिला उशीर झाला की माझाच फोन जायचा, "निघालीस का?" म्हणजे त्यात मीही आलेच. १९९२ साली पश्चिम रेल्वेनं चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली, कारण बायकांची वेळ आणि गर्दी ही खरी अडचण आहे हे तिला मान्य झालं. लॅबच्या वेळापत्रकात मुलींची वेळ कधी धरली जाणार?

सरकारनं एक मोठं पाऊल जरूर टाकलं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच ते मिळतं. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी विद्यापीठं त्यात नाहीत. गावाकडच्या मुलींसाठी हे दार फार मोठं आहे. पण दारातून आत आल्यावर राहणं, जेवण, लॅपटॉप, लोकलचा पास आणि प्रोजेक्टचे सुटे भाग हा खर्च घरालाच करावा लागतो. पैसे ज्याच्या खिशातून जास्त, त्याचा शब्द ग्रुपमध्ये जड. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला पन्नास हजारांची आहे, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मात्र तिचा अर्ज पहिल्या वर्षीच करावा लागतो, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी दुसऱ्या वर्षी. शेवटच्या वर्षी कळून उपयोग नाही, म्हणून आत्ताच सांगते.

मग आमच्या टेबलावरच्या गुंत्याचं काय झालं? तिसऱ्या दिवशी मी तिला गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, "पोरी, मेसेज जाताना काटा बघ." मेसेज पाठवताना ते मोबाईलचं मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. ते जोडलं होतं छोट्या बोर्डावरून. बोर्डाला एवढं झेपत नव्हतं, व्होल्टेज खाली यायचं आणि मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. गावात शेजारची मोटर सुरू झाली की आपला दिवा मंद होतो ना, अगदी तसंच. भाचीनं त्याला वेगळा वीजपुरवठा दिला, जवळ मोठा कपॅसिटर बसवला. सगळं स्वतःच्या हातानं. रात्री एक वाजता ताईच्या मोबाईलवर मेसेज गेला: 'पंप सुरू'. ताई घाबरून उठली, "अगं, कोण गेलंय विहिरीवर?"

गाईडनी आधी विचारलं होतंच, "यात नवीन काय?" बरोबर होतं त्यांचं. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहून मोबाईलवरून पंप चालवणारं 'नॅनो गणेश' बनवलं, त्याला २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिकही मिळालं. पण आधीच लागलेला शोध आपल्या हातानं पुन्हा उभा करणं हेही शिक्षणच. आणि खरं काम बारा दिवसांत कुठे होतं? पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी 'प्रथम' या उपग्रहाचं काम २००७मध्ये हाती घेतलं. तो अवकाशात गेला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. मधल्या नऊ वर्षांत कितीतरी मुलं पदवी घेऊन निघून गेली आणि काम पुढच्यांच्या हाती देत गेली. आपल्या कॉलेजांत मात्र दर वर्षीचं ब्लॅक बुक कपाटात जातं आणि पुढची बॅच पहिल्यापासून सुरुवात करते. मागच्यांचं अर्धं राहिलेलं काम पुढच्यांना द्यायची पद्धत पडली, तर आयतं विकणाऱ्यांचं दुकान निम्म्यानं बसेल.

व्हायवाला परीक्षकांनी ग्रुपला विचारलं, "अडचण कुठे आली?" मुलं एकमेकांकडे बघू लागली. भाचीनं फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मार्क चौघांना सारखेच मिळाले, फार मोठे नाहीत. मातीतला सेन्सरही स्वस्तातला, महिन्याभरात गंजला. खऱ्या विहिरीवरची थ्री फेजची मोटर तो प्रोजेक्ट चालवू शकत नाही, त्याला अजून काम लागेल. ताई अजून बॅटरी घेऊनच जाते. पण मे महिन्यात नोकरीच्या मुलाखतीत तिला हाच प्रश्न आला, आणि तिच्याकडे स्वतःचं उत्तर होतं.

म्हणून मैत्रिणींनो, लेकीला फोनवर 'जेवलीस का' हे जरूर विचारा. त्याच्याबरोबर हेही विचारा, की प्रोजेक्टमध्ये तुझ्या हातात काय आहे? ती 'रिपोर्ट' म्हणाली, तर तिथेच थांबवा. ते ऑक्टोबरमध्ये विचारा, एप्रिलमध्ये नको. आणि तिला लॅबमध्ये उशीर झाला, तर लगेच परत बोलावण्याआधी तिला सोबत कोण आहे, परतीची सोय काय, ते बघा. मी हे उशिरा शिकले.