उपवर हेडफोन

घरात उपवर मुलगी असली की पूर्वी बापाच्या चपला झिजत. हल्ली घरात चांगला हेडफोन आला की त्या झिजतात. हेडफोन आणणं सोपं आहे हो. पैसे मोजले की तो येतो. पण त्याला अनुरूप ॲम्प्लिफायर शोधणं म्हणजे शुद्ध वरसंशोधन. आणि वरसंशोधन म्हटलं की मध्यस्थ आलेच.

ही मंडळी बोलतात मोठी रसाळ. “तुमचा हेडफोन जरा ब्राइट आहे, त्याला वॉर्म ॲम्प्लिफायर बघा.” म्हणजे मुलगी तापट, तेव्हा जावई सोशिक हवा. “हा थोडा डार्क आहे, पण मोकळा वाजतो.” म्हणजे सावळी, पण नाकीडोळी नीटस! मग वायरीचं गोत्र निघतं: तांब्याची की चांदीची? एवढं सगळं जुळवून घरी आणल्यावर काही फरक कळला नाही, तर उत्तर तयार असतं : “दोनशे तास वाजू द्या, मग खुलेल.” लग्नानंतर सुधारेल, या आश्वासनावर आपल्याकडे काय काय खपलंय ते मी सांगायला नको.

या सगळ्या ज्योतिषाला माझा विरोध आहे. हेडफोन आणि ॲम्प्लिफायरचं जुळणं ही पत्रिका नव्हे, ते शाळेतलं गणित आहे. त्यात छत्तीस गुण नसतात, तीन आकडे असतात. हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे तो विजेला किती अडवतो. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेत तो किती मोठ्यानं वाजतो. आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स. बास.

सेनहायझरचा एचडी ६५० घ्या. हा २००३ साली आला, आणि त्याचा इम्पिडन्स ३०० ओहम. हा आकडा ऐकला की मध्यस्थाचा आवाज खाली येतो. “तीनशे! याला ताकदवान स्थळ लागेल.” पण कागद पुढे वाचा. एक व्होल्ट दिला की हा गृहस्थ १०३ डेसिबलनं वाजतो. एक व्होल्ट आणि ३०० ओहम म्हणजे वीज किती? जेमतेम ३.३ मिलिवॉट. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, पण खायचा बारा-पंधरा वॉट. तेवढ्या विजेत असे साडेतीन हजार हेडफोन वाजतील. चिमणीच्या घासाला पंगतीचा स्वयंपाक कशाला?

उलट हायफायमॅनचा सुस्वारा. याचा इम्पिडन्स अवघा ६० ओहम. मध्यस्थाच्या हिशेबाने हा अगदी मऊ स्वभावाचा. पण एका मिलिवॉटला हा ८३ डेसिबलच देतो. १०३ डेसिबलसाठी त्याला १०० मिलिवॉट लागतात, म्हणजे एचडी ६५०च्या तीसपट. दिसायला किडकिडीत आणि ताटावर बसला की घरधनी घाबरतो, त्यातला प्रकार! याला दमदार ॲम्प्लिफायर खरोखरच हवा, आणि तो घेणाऱ्याला मी हसणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन ओळींच्या हिशेबात कळतं. त्यासाठी कुणाच्या कानाचा कौल लावायला नको.

तिसरा आकडा म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा, असा साधा ठोकताळा आहे. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५०चा तर खर्जात बराच वर चढतो. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स मोठा असला, जसा काही व्हॉल्व्हवाल्यांचा असतो, तर वाटणी बदलते आणि खर्जाला वाढप जास्त होतं. यालाच ‘वॉर्म’ म्हणतात. ज्याला आवडतं त्यानं जरूर घ्यावं, पण तो ग्रहयोग नाही, भागाकार आहे.

आता कोणी म्हणेल, “साहेब, कान आकड्यांनी ऐकत नाहीत.” कबूल. मग नुसत्या कानांनीच ऐका. डोळ्यांना आणि किमतीच्या चिठ्ठीला बाहेर बसवा. १९८७ साली ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकानं स्पीकरच्या स्वस्त-महाग ॲम्प्लिफायरांची अशी परीक्षा घेतली. कोणता वाजतोय हे न सांगता आवाज सारखा ठेवला, तेव्हा श्रोत्यांना ते खात्रीनं ओळखता आले नाहीत. आवाज सारखा ठेवणं महत्त्वाचं. कारण किंचित मोठ्यानं वाजणारं आपल्याला ‘चांगलं’ वाटतं, आणि ही गोष्ट विकणाऱ्याला आपल्याआधी ठाऊक असते.

२०११ साली तर एका अनामिक गृहस्थानं ‘ऑब्जेक्टिव्ह २’ नावाच्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा आराखडा सगळ्या मोजमापांसकट फुकट जाहीर केला. कमी खर्चात कोणीही बनवावा असा. नंतर हा माणूस नाहीसाच झाला. दक्षिणा न घेणाऱ्या भटजीला दुसरं काय करता येणार?

मला राग येतो तो पैशांसाठी नव्हे. ज्याच्याजवळ आहेत त्यानं खुशाल उधळावेत. सेनहायझरनं २०१५ साली संगमरवराच्या बैठकीतून व्हॉल्व्ह वर येणारा, पन्नास हजार युरोंच्या आसपासचा जोड जाहीर केला, तेव्हा मीही आ वासून फोटो पाहिला. राग येतो तो पहिला बोनस घेऊन आलेल्या पोराकडे बघून. त्याला गाणं छान ऐकू येत असतं. मध्यस्थ त्याला पटवतात, की तुला ऐकू येतं ते खरं नव्हे. खरं गाणं पुढच्या ॲम्प्लिफायरात आहे. त्या दिवसापासून तो गाणं ऐकायचं सोडतो आणि ॲम्प्लिफायर ऐकायला लागतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या खरखरतात, पण त्यांचा षड्ज लागला की खोली गप्प होते. हा पोरगा मात्र ती खरखर किती ‘स्पष्ट’ येते ते तपासत बसतो!

जास्त ताकद घरात आली की ती वापरावीशी वाटते, हा आणखी एक धोका. ८५ डेसिबल रोज आठ तास हे कामगारांसाठी धरलेलं एक प्रमाण. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जा. १०३ला पोचेपर्यंत साडेसात मिनिटं उरतात. तबल्याची एखादी थाप तिथवर उसळली तर हरकत नाही, पण मुक्काम तिथं नको. ॲम्प्लिफायर बदलून मिळतो, कान मिळत नाहीत.

म्हणून पैसे हेडफोनवर घाला. सगळ्यात मोठा फरक तिथंच पडतो. तो आधी स्वतःच्या डोक्यावर, स्वतःच्या चष्म्यासकट, अर्धा तास चढवून बघा. एकट्यानं ऐकणार असाल तर उघड्या पाठीचा, आणि लोकलमधून जाणार असाल तर बंद. पाठ असलेलं एखादं गाणं ऐका. मग तीन आकड्यांचा भागाकार करून त्यात बसेल तो साधासा ॲम्प्लिफायर घ्या. फोनच्या डोंगलवरच भागलं तर तेही नशीब समजा, हुंडा वाचला. आणि कोणी विचारलंच, “पत्रिका पाहिली होती का?” तर सांगा, “नाही. मुलगी गात होती, ते ऐकलं.”