स्वस्त विमा आणि खाडीपलीकडचे रुग्णालय

वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, तेव्हा नोकरदार वर्गाला साहजिकच दिलासा वाटला. वीस हजार रुपयांच्या हप्त्यावर छत्तीसशे रुपये वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि त्याच निर्णयामुळे विमा कंपन्यांना आपल्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. त्यामुळे मूळ हप्ता जुन्याच पातळीवर किती काळ टिकेल, ही शंका उरतेच. परंतु आरोग्यविमा परवडण्याचा प्रश्न केवळ कराचा नाही. किंबहुना तो केवळ हप्त्याचाही नाही. आजारपण आले असता कागदावरील संरक्षणाचे उपचारात रूपांतर होते की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर वसई-विरारसारख्या शहराकडे पाहिले पाहिजे.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची अनेक गावे एकत्र करून २००९ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. मुंबईत घर न परवडणारा कारकून, विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, महाविद्यालयात घड्याळी तासांवर शिकवणारा अध्यापक, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतील कामगार, अर्नाळ्याचा मच्छीमार आणि भाजी-केळी पिकवणारा जुना वसईकर अशी ही वस्ती आहे. या प्रत्येकाचे विम्याशी असलेले नाते निराळे आहे. ‘सर्वांत स्वस्त योजना कोणती?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर संभवत नाही, ते यामुळेच.

वर्गणी आणि हप्ता

१९४८ च्या कायद्यान्वये आलेली कर्मचारी राज्य विमा योजना प्रथम विचारात घेऊ. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा कर्मचारी तिच्या कक्षेत येईल, ही मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये ठरली. जुलै २०१९ पासूनच्या दरांनुसार कर्मचाऱ्याने वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाने सव्वातीन टक्के भरावयाचे असतात. वीस हजार वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला १५० रुपये जातात, मालकाचे ६५०. या वर्गणीत पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्या उपचारांची तरतूद होते. अतिविशेष उपचारांसाठी काही काळाच्या वर्गणीची अट असली, तरी वडिलांचा मधुमेह किती जुना आहे, असे कोणी विचारीत नाही. कामगाराचे वय पन्नास असले म्हणून वर्गणी वाढत नाही.

हाच कामगार वेतनवाढ मिळून बावीस हजारांवर गेला, की वर्गणीचा सहामाही कालखंड संपताच योजनेबाहेर पडतो. हजार-दोन हजारांच्या वाढीने त्याच्या कुटुंबाचे सारे वैद्यकीय संरक्षण जाते आणि तेच संरक्षण बाजारात विकत घ्यावयाचे तर वाढलेले वेतन त्यात खर्ची पडते. नऊ माणसांच्या गाळ्यात काम करणाऱ्याला तर हे संरक्षण बहुधा लाभतच नाही. अनुदानित शाळेतील शिक्षकाला वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचे नियम आहेत. त्याच रस्त्यावरील विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला ते नाहीत. दोघांचे काम एक, आजार एक. संरक्षण मात्र नेमणुकीच्या कागदावर अवलंबून.

बाजारातील विमा याहून मूलतः वेगळा आहे. वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असते. हप्ता जोखमीच्या प्रमाणात असतो. वय वाढेल, आजार जडेल, तसा तो वाढतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात पासष्ट वर्षांवरील माणसांना आरोग्यविमा मिळणे दुरापास्त का होते, याची मीमांसा केली आहे. हप्ता वाढला की निरोगी माणसे विमा सोडतात. उरलेल्यांत आजारी माणसांचे प्रमाण वाढते, म्हणून हप्ता आणखी वाढतो आणि आणखी काही निरोगी माणसे बाहेर पडतात. यात कोणाचा दुष्टावा असावा लागत नाही. प्रत्येकाने आपले हित पाहिले तरी हेच घडते. पासष्टीनंतर नवा विमा नाकारण्यास मुभा देणारी वयोमर्यादा नियामकाने एप्रिल २०२४ पासून काढून टाकली. दार उघडले हे खरे. परंतु दाराशी मोजावयाची किंमत त्यामुळे कमी झाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यातील वाढीवर नियामकाच्या संमतीविना वर्षाला १० टक्क्यांहून अधिक नको, असे बंधन आले. पण दर वर्षी १० टक्के वाढ झाली तरी सुमारे सव्वासात वर्षांत हप्ता दुप्पट होतो. पेन्शन नसलेल्या निवृत्ताचे उत्पन्न दुप्पट होत नाही.

तात्पर्य, स्वस्त विमा हा दुकानात शोधून सापडणारा जिन्नस नव्हे. तरुण आणि वृद्ध, निरोगी आणि आजारी, सधन आणि निर्धन यांना एका समूहात बांधल्यानेच तो निर्माण होतो. असा समूह बांधण्याची सक्ती करू शकणारी संस्था म्हणजे शासन.

पांढऱ्या शिधापत्रिकेचा प्रवेश

महाराष्ट्राने या दिशेने टाकलेली पावले उपेक्षणीय नाहीत. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. परंतु ते मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरते. केशरी शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून पंधरा हजारांवर नोकरी करणारा कारकून या हिशेबाने सधन ठरत होता! कोविडकाळातील तात्पुरती सवलत वगळता त्याला या योजनेत स्थान नव्हते.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही भिंत पाडली. संरक्षण कुटुंबामागे पाच लाख झाले, उपचारांची संख्या १३५६ झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही पात्र ठरले. १ जुलै २०२४ पासून या विस्ताराची अंमलबजावणी सुरू झाली. सत्तर वर्षांवरील प्रत्येकास उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारी केंद्राची तरतूदही ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. हप्ता शून्य, जुन्या आजारासाठी प्रतीक्षा नाही. कागदावर पाहता वसई-विरारमधील कुटुंबाचा प्रश्न येथे सुटावयास हवा होता.

तो सुटत नाही, याची कारणे दोन. पहिले असे, की ही योजना ठरावीक यादीतील, प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची आहे. रोजची मधुमेह-रक्तदाबाची औषधे, दवाखान्यातील तपासणी, तापात केलेल्या रक्ताच्या चाचण्या या खर्चाला ती सहसा हात लावीत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे. पण उरलेल्या भाराचा मोठा वाटा अशा न संपणाऱ्या लहान खर्चांचाच असतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. योजनेचा उपयोग केवळ तिच्याशी संलग्न असलेल्या रुग्णालयात होतो, आणि संलग्न रुग्णालयातही प्रत्येक विशेष उपचार उपलब्ध असतोच असे नाही. योजनेने ठरवलेला दर खासगी रुग्णालयास परवडत नसेल, किंवा देयकाची रक्कम वेळेवर हाती येत नसेल, तर ते योजनेत येण्यास नाखूश राहणार, हा सरळ हिशेब आहे. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्यातील तुळिंजचे रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मात्र रुग्णाला वसईची खाडी ओलांडून कांदिवली, परळ वा मुंबई सेंट्रलची वाट धरावी लागण्याचे प्रसंग येतात. सोबतच्या माणसाची बुडालेली रोजंदारी, गाडीभाडे आणि वाटेत गेलेला वेळ यांची भरपाई कोणतीही योजना देत नाही. ज्या आजारात तास मोजावे लागतात, तेथे जवळच्या, योजनेबाहेरच्या रुग्णालयात अनामत रक्कम भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. खिशात पाच लाखांचे कार्ड आणि हातात उसने घेतलेले पन्नास हजार, असा हा विरोधाभास आहे.

पूरक विम्याचे गणित

या फटीसाठीच बाजारातील विमा घ्यावयाचा आहे, हे एकदा लक्षात आले म्हणजे निवड सोपी होते. नियामकाने १ एप्रिल २०२० पासून आणलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित योजना या दृष्टीने उपयुक्त आहे. तिच्या अटी सर्व कंपन्यांत सारख्या आणि हप्ते मात्र कंपनीगणिक निराळे; म्हणजे येथे केवळ किमतीची तुलना करणे शक्य होते. तथापि तिच्याही अटी वाचल्या पाहिजेत. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, आणि फार तर दिवसाला ५,००० रुपये. दोन लाखांच्या विम्यावर ती ४,००० होते. रुग्ण आठ हजारांच्या खोलीत राहिला, तर केवळ भाडेच नव्हे, डॉक्टर व शस्त्रक्रियेचा आकारही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. हा आकार ऐंशी हजार असेल, तर चाळीसच हजार मान्य होतील आणि त्यातूनही पाच टक्के रुग्णाच्या वाट्याला येतील. हाती ३८,००० पडतील. दाखल होताना खोलीचा दर विचारण्यात संकोच केल्यास त्याची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून कुटुंबाने क्रम लावावा. प्रथम हक्काचे संरक्षण : राज्य विम्याची नोंद आहे काय, शिधापत्रिकेवर सर्वांची नावे आहेत काय, आपल्या परिसरातील कोणते रुग्णालय कोणत्या उपचारासाठी योजनेशी संलग्न आहे, याची चौकशी आजारपणापूर्वीच करावी. संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्र यासाठीच नेमलेले असतात. दुसरे, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्यात, हे बंधन स्मरणात ठेवावे. त्यानंतर उरलेल्या जोखमीपुरता विमा, आणि तो तरुणपणी घ्यावा. पूर्वीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, म्हणून आजार जडल्यावर घेतलेला विमा बराच काळ निरुपयोगी ठरतो. अर्जात आजार लपवू नये. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळीच बाहेर येते. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून परत करण्यास तीस दिवसांची मुदत आहे. दावा अन्याय्य रीतीने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार आणि तेथे दाद न लागल्यास विमा लोकपाल, हा मार्ग विनाशुल्क आहे.

शासनाचे दायित्व

परंतु कुटुंबाच्या शहाणपणाने शासनाचे दायित्व संपत नाही. राज्य विम्याची वेतनमर्यादा वर्षानुवर्षे एका आकड्यावर गोठवून ठेवण्याऐवजी ती महागाईशी जोडली पाहिजे. वैयक्तिक विमा करमुक्त आणि समूह विम्यावर मात्र १८ टक्के कर, ही विसंगती दूर झाली पाहिजे. कारण जोखीम वाटून घेणारा समूह हाच स्वस्त विम्याचा पाया आहे. सहकारी बँकेची परंपरा १९१८ पर्यंत मागे जाणाऱ्या वसईत शिक्षकांच्या व नोकरदारांच्या पतपेढ्या असा समूह उभारू शकतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, योजनेतील दाव्याची रक्कम सार्वजनिक रुग्णालयालाही मिळते. तेव्हा महापालिकेच्या रुग्णालयांत तज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहे वाढवणे हा केवळ खर्च नव्हे. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. हे अंतर विम्याच्या कार्डांनी भरून निघणारे नाही.

विमा हे पैसे देण्याचे वचन आहे. उपचार देण्याचे वचन रुग्णालयच पाळू शकते. पहाटेच्या लोकलने मुंबईचा गाडा ओढावयास जाणाऱ्या या शहराला रात्री छातीत कळ आली असता त्याच मुंबईकडे धाव घ्यावी लागत असेल, तर त्याच्या विम्याचा हप्ता शून्य असूनही तो महागच म्हटला पाहिजे.