आधी पाठीखालचे पाहा

दिवाळी आटोपली की आपल्या गिर्यारोहण संस्थांमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या हिमालयीन बॅचची लगबग सुरू होते. केदारकांठा, ब्रह्मताल, संदकफू आणि मुरलेली मंडळी असतील तर गोठलेल्या झंस्कर नदीवरची चादर. सामानाच्या याद्या फिरू लागतात आणि स्लीपिंग बॅगेपाशी आल्यावर लीडर एकच प्रश्न विचारतो, ‘मायनस किती?’ ‘मायनस टेन’ असे उत्तर आले की तो पुढच्या ओळीकडे वळतो. बॅगेखाली काय अंथरणार, हे कुणी विचारत नाही. यादीत नुसते ‘कॅरीमॅट’ लिहिलेले असते आणि मेंबर हरिश्चंद्रगडावर नेतो तीच आठ-दहा मिलिमीटरची फोमची मॅट गुंडाळून आणतो.

सह्याद्रीत ती पुरते. थंडी बोचते, पण जमीन गोठलेली नसते. बर्फावर तंबू लागला की हिशेब बदलतो. आपण झोपतो तेव्हा बॅगेचा खालचा भाग अंगाच्या वजनाने चेपला जातो. ऊब धरून ठेवते ती पिसांमध्ये किंवा तंतूंमध्ये अडकलेली हवा, आणि चेपलेल्या भागात ती उरतच नाही. म्हणजे बॅग कितीही भारी घेतली तरी पाठ, कुल्हे आणि खांदे यांच्या वाट्याला फक्त मॅट येते. ‘बॅग बोगस होती, रात्रभर कुडकुडलो’ ही तक्रार प्रत्येक लीडरने ऐकली असेल. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खरे तर मॅटच्या असतात.

मॅटची ऊब मोजायला आर-व्हॅल्यू आहे. 2018 साली ‘एएसटीएम एफ3340’ हे मानक आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येऊ लागले. आपल्या नेहमीच्या पातळ फोमची आर-व्हॅल्यू दीड-पावणेदोनच्या पुढे क्वचित जाते. बर्फावर, उणे दहाच्या आसपास झोपायचे तर ती पाचाच्या घरात हवी. या आकड्यांची सरळ बेरीज होते, ही त्यातली सोयीची गोष्ट. दोन फोम एकावर एक टाकले की तीन-साडेतीन, आणि फोमवर साडेतीनची हवेची मॅट टाकली की पाच. फोम खाली ठेवला तर हवेच्या मॅटला भोक पडण्याची भीती कमी होते आणि पडलेच तरी काहीतरी अंगाखाली उरते. हवेची मॅट संध्याकाळी टम्म भरलेली असते आणि मध्यरात्री मऊ पडते. ती फुटलीच असेल असे नाही, आतली हवा गार होऊन आक्रसली की असेच होते. झोपण्याआधी एकदा पुन्हा भरून घ्यावी. तोंडाने भरू नये, श्वासातली वाफ आत जाऊन गोठते.

आता ‘मायनस’विषयी. बॅगांच्या चाचणीचे सध्याचे मानक ‘आयएसओ 23537’. त्याआधी युरोपचे ‘ईएन 13537’ होते. तापवलेला पुतळा बॅगेत निजवून ही चाचणी होते आणि तिच्यातून ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’, ‘एक्स्ट्रीम’ असे आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे प्रमाण धरलेली स्त्री सैलावून झोपू शकेल ते तापमान. ‘लिमिट’ म्हणजे प्रमाण धरलेला पुरुष अंग चोरून झोपेल ते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास जीव तगेल, झोपेचे नावच नको. कम्फर्ट आणि लिमिट यांत पाच-सहा अंशांचे अंतर सहज असते आणि बॅगेच्या नावात बहुधा लिमिटचा आकडा मिरवला जातो. स्थानिक बनावटीच्या कित्येक बॅगांवरचा आकडा तर कुठल्याच चाचणीतून आलेला नसतो, शिवणाऱ्याच्या उत्साहातून आलेला असतो. शिवाय त्या पुतळ्याखाली चांगली उबदार मॅट असते. पातळ फोमवर झोपणाऱ्याला छापील आकडा लागू होत नाही.

बॅच मिश्र असते. काही मुली सडपातळ, काही काका पन्नाशीपुढचे, सगळे दिवसभर चालून दमलेले. लीडरने कम्फर्टचाच आकडा धरावा आणि मुक्कामाच्या अपेक्षित तापमानाखाली आणखी पाच अंश सोडावेत.

वजनाच्या बाबतीत पिसांना अजून तोड नाही. 800 फिल पॉवरच्या डाउनचे एक ग्रॅम साधारण 460 घन सेंटिमीटर जागा व्यापते, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडे कमी. पण नुसत्या 800 ला भुलू नये, आत भरले किती तेही पाहावे. 800 ची 300 ग्रॅम पिसे 600 च्या 600 ग्रॅमपुढे मागे पडतात. गरज असेल तिथे सिंथेटिक बॅग घ्यायला हरकत नाही, फक्त तेवढ्याच उबेला ती किलोभर जड पडेल, हे सॅक उचलणाऱ्याला आधी सांगावे.

अमेरिकेत रॉकी पर्वतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एल्कच्या मागे जाणारे शिकारी आठवडाभराचे सामान स्वतःच्या पाठीवर नेतात आणि नेम लागला तर मांसही पाठीवरच आणतात. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असावी असेच आमचे मत आहे. पण पोर्टरशिवाय निघणारा हा माणूस बॅग, मॅट, तंबू आणि अंगावरचे कपडे यांचे गणित एकत्र मांडतो, हे घेण्यासारखे आहे. डाउन जॅकेट सॅकमध्ये आहेच, तर ते बॅगेवर किंवा पायांशी पसरून चालेल का, असा विचार त्यात असतो. त्यांच्यातले काही जण पाठ उघडी असलेले क्विल्टही वापरतात. वजन वाचते, पण कूस बदलली की फटीतून वारा शिरतो. नवख्या मेंबरला बर्फात क्विल्ट देऊ नये.

लांबच्या मुक्कामात खरा शत्रू ओल. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तीन ध्रुवीय प्रवासी पाच आठवडे चालून परतले तेव्हा रेनडिअरच्या कातड्याच्या त्यांच्या बॅगांचे वजन दुपटीहून अधिक झाले होते, घाम आणि श्वास गोठून. चादरच्या घळीत ऊन तळापर्यंत फार वेळ पोचत नाही, तिथे आपली डाउन बॅगही रोज थोडी थोडी बसत जाते. म्हणून तोंड बॅगेबाहेर ठेवायचे, ओले मोजे आत सुकवायचे नाहीत, आणि दुपारी जिथे ऊन सापडेल तिथे बॅगा उलट्या करून पसरायच्या. झोपण्याआधी तुपातला लाडू किंवा चिक्की खावी आणि गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मांड्यांत घ्यावी. लघवीला जायचा कंटाळा करू नये.

संस्थेच्या सामायिक बॅगांची अवस्था हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माळ्यावर, कॉम्प्रेशन सॅकमध्ये कोंबलेल्या, मुंबई-पुण्याच्या दमट हवेत. अशी बॅग डिसेंबरात उघडली की पिसांचे गोळे हाताला लागतात आणि शिवणीमधल्या जागा रिकाम्या दिसतात. तिच्यावरचा मायनसचा आकडा केव्हाच संपलेला असतो. बॅगा सुती पिशवीत सैल ठेवाव्यात, डाउनच्या साबणाने धुवाव्यात, आणि मंद आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाकून गोळे फुटेपर्यंत वाळवाव्यात. एवढे करूनही न फुलणारी बॅग हिमालयाच्या कपाटातून काढून सह्याद्रीच्या कपाटात टाकावी.

यंदा संस्थेकडे खरेदीसाठी पैसे असतील तर नव्या बॅगा मागवण्याआधी प्रत्येक मेंबरमागे एक जादा फोम घ्या. काही शे रुपयांत आणि जेमतेम पाव किलोत एवढी ऊब दुसऱ्या कशातूनही मिळणार नाही. आणि डिसेंबरच्या यादीत ‘कॅरीमॅट’पुढे जाडी आणि संख्या लिहा.